सांगणाऱ्याला न कळलेलं

विश्राम बेडेकरांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. १९३९ साली आलेली ‘रणांगण’ चक्रधर विध्वंस नावाच्या तरुणानं ‘मी’ म्हणत सांगितली आहे. पंचेचाळीस वर्षांनी, १९८४ मध्ये, त्यांचं ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे आत्मचरित्र आलं, आणि त्यात मात्र त्यांनी स्वतःला ‘तो’ केलं. म्हणजे जो माणूस कधी नव्हताच त्याच्या तोंडी ‘मी’, आणि जो खरोखर जगला तो तिऱ्हाईत. हा नुसता लिहिण्यातला खेळ असता तर कौतुक करून सोडून देता आला असता. मला त्यात बेडेकरांची एक पक्की समज दिसते. स्वतःविषयी बोलताना माणूस सावध असतो. काय दाखवायचं नि काय झाकायचं हे आधीच ठरवून बसलेला असतो. त्याला नीट बघायचं तर जरा लांब उभं करावं लागतं. कल्पित माणसाचं तसं नाही. त्याला ‘मी’ म्हणू द्यावं, मोकळं बोलू द्यावं, की त्याच्या नकळत त्याचं बिंग फुटतं.

मराठी कादंबऱ्या वाचताना, जुन्या असोत की नव्या, माझी आवडनिवड हळूहळू ठरत गेली ती याच जागेवरून. हरिभाऊंची यमू, बेडेकरांचा चक्रधर, माडगूळकरांचा बनगरवाडीतला मास्तर, नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर, किरण नगरकरांचा कुशंक, मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तला मुकुंद. ही माणसं एकमेकांना रस्त्यात भेटली असती तर बोलायला विषय सापडला नसता. पण एका बाबतीत सगळी सारखी आहेत. आपण जे सांगतो आहोत त्याचा पुरता अर्थ त्यांतल्या कुणालाच लागलेला नाही. वाचकाला तो लागतो, निदान लागू लागतो. ज्या कादंबरीत सांगणाऱ्याला स्वतःविषयी सगळंच कळून चुकलेलं असतं ती लवकर शिळी होते, मग ती शंभर वर्षांपूर्वीची असो की गेल्या दिवाळीतली. जुनं आणि नवं यांच्यातली रेघ सनावळीनं ओढण्याऐवजी इथे ओढावी, असं माझं म्हणणं आहे.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. सव्वीस वर्षांचा पुण्यातला पुरुष एका विधवेच्या तोंडून शेकडो पानं बोलतो, ही त्या काळी काय हिंमत असेल! बाईनं स्वतः बोलण्यासाठी हरिभाऊंची वाट पाहिली होती असं नाही; बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ ची, आणि तिचा आवाज यमूपेक्षा कितीतरी चढा. पण ताराबाई भांडतात. यमू भांडत नाही, सांगते. कादंबरी चालू होती त्याच काळात, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारावर न्यायची एवढ्यासाठी ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ एकमेकांवर तुटून पडले होते. त्या सगळ्या गदारोळात यमू काय सांगते? वडील चिडले की घर कसं गप्प होई, आई कशी एक शब्द न बोलता काम करत राही, मैत्रीण दुर्गीच्या वाट्याला कसला नवरा आला. लहान यमूला यातलं थोडंच कळतं. आईच्या गप्प राहण्याकडे ती स्वभाव म्हणून बघते. आपण मात्र ते वाचताना अस्वस्थ होतो, कारण तो स्वभाव नाही हे आपल्याला दिसत असतं.

आणि गंमत अशी, की जिथे यमू मोठी होऊन शहाणी होते, समाजाला चार शब्द ऐकवू लागते, तिथे कादंबरी मला जड जाते. ती पानं खोटी नाहीत. त्यांतला प्रत्येक मुद्दा रास्त होता, आजही आहे. पण तिथे यमूच्या आडून हरिभाऊ दिसू लागतात, आणि सुधारकाची बाजू घ्यायला मला कादंबरीची गरज नसते, ‘सुधारक’चे आगरकर आहेतच. केशवपनाच्या प्रसंगात ती पुन्हा नुसती सांगणारी होते आणि पुस्तक पुन्हा माझ्या मानगुटीवर बसतं. एकाच कादंबरीत माझं म्हणणं दोन्ही बाजूंनी तपासता येतं, म्हणून तिच्याकडे मी वारंवार जातो. तिच्या आधी तेहेतीस वर्षं, १८५७ साली, बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिली होती. नायिकेचं नाव तेच, विषयही विधवांच्या हालांचाच. पण तिथे लेखकाला काय सिद्ध करायचंय ते पहिल्यापासून उघड आहे, आणि आज ती कादंबरीच्या इतिहासात हजेरी लावण्यापुरती वाचली जाते. विषयाच्या मोठेपणावर कादंबरी तरत नाही, याचा एवढा सोपा पुरावा दुसरा सापडायचा नाही.

‘रणांगण’कडे परत येतो, कारण ती माझ्या मते मराठीतली सर्वांत निर्दय कादंबरी आहे. हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू आणि युरोपातून घरी परतणारा चक्रधर एकाच बोटीवर आहेत. हॅर्टा नावाची ज्यू तरुणी त्याच्या प्रेमात पडते, तोही तिच्या पडतो. मुंबई येते, तो उतरतो, ती बोटीबरोबर पूर्वेकडे जाते आणि पुढे समुद्रात जीव देते. कथानक म्हणून हे दोन ओळींत संपतं. यात एक शोकांत प्रेमकथा दिसेल, आणि अनेकांना ती तशीच दिसत आली आहे. मला दिसतो तो चक्रधर. पूर्वी एकदा प्रेमात फटका खाल्लेला, त्या दुखण्याचं भांडवल करून बायकांपासून सुरक्षित अंतरावर राहणारा. हॅर्टावर आपलं प्रेम आहे हे तो खरंच सांगतो, लपवत नाही. पण तिच्याजवळ देश नाही, घर नाही, उद्या कुठे असू याची खात्री नाही. आणि त्याच्याजवळ हे सगळं असूनही त्याचा पाय पुढे पडत नाही. का पडत नाही हे तो कधीच नीट सांगू शकत नाही. परिस्थिती सांगतो, जग सांगतो, येऊ घातलेलं युद्ध सांगतो. ती कारणं खरीच आहेत, म्हणून तर ती त्याच्या कामी येतात. बेडेकरांनी त्याला एका शब्दानं दोष दिलेला नाही. त्यांनी त्याला फक्त बोलू दिलं. स्वतःविषयी हळहळणारा माणूस बोलता बोलता किती लहान होत जातो, ते बघायचं असेल तर हे छोटंसं पुस्तक पुरे आहे.

बेडेकरांच्या घरातच दुसरी एक मोठी लेखिका होती. मालतीबाई, म्हणजे विभावरी शिरूरकर. त्यांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली टोपणनावानं आलं, आणि ही विभावरी कोण यावरून महाराष्ट्रात केवढी धुळवड झाली. नवऱ्यानं कल्पित ‘मी’च्या मागे राहून लिहिलं, बायकोला आपलं नावच मागे ठेवावं लागलं. यातला फरक वेगळ्या लेखाचा विषय आहे. एवढंच म्हणतो, की बाईच्या लेखणीतून ‘मी’ उमटला की तो खराच असणार, तिच्याच घरचा असणार, अशी वाचकांची खात्री असे. कादंबरी ही कादंबरी आहे हे पुरुष लेखकाच्या बाबतीत आपण सहज मान्य करतो. १९८० नंतर गौरी देशपांडे आल्या, आणि वाचक त्यांच्याही नायिकांत गौरीबाईच शोधत बसले. मेघना पेठ्यांच्या ‘नातिचरामि’वर बोलताना लोक कादंबरीवर कमी आणि लेखिकेवर जास्त बोलले, तेव्हा २००५ साल उजाडलं होतं.

आता मास्तर. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) बद्दल बोलताना लोक माणदेश, धनगर, मेंढरं, दुष्काळ यांबद्दल बोलतात. ते सगळं तिथे आहेच, आणि एवढ्या कमी शब्दांत एवढा मुलूख उभा करणारा दुसरा लेखक मला माहीत नाही. पण ती कादंबरी चालते कशावर? औंध संस्थानातल्या एका वाडीत शाळा चालवायला आलेल्या पोरसवदा मास्तराच्या अर्धवट समजुतीवर. वाडीचे कायदे त्याला ठाऊक नाहीत. कारभाऱ्याच्या अंजीसाठी चोळी शिवून आणण्याचा साधा उपकारही त्याला भोवतो. तालीम बांधायचं तो मनावर घेतो, लोक राबतात, खुद्द राजा येतो, आणि पुढच्याच दुष्काळात वाडी उठते. मास्तर हे सगळं अशा शांतपणे नोंदवतो की बरेच वाचक त्याला तटस्थ म्हणतात. मला तो तटस्थ वाटत नाही. बुजलेला वाटतो. आपण बाहेरचे आहोत, आपल्याला इथलं नेमकं कळत नाही, हे भान त्याच्या प्रत्येक वाक्याला लगाम घालतं. नंतरच्या पुष्कळ ग्रामीण लेखकांना हा लगाम नको वाटला. त्यांचा सांगणारा गावाचा जाणकार झाला. शब्दाशब्दाला गावाची ओळख करून देऊ लागला. याला अपवाद रा. रं. बोराड्यांच्या ‘पाचोळा’चा (१९७१). तिथे गावच्या शिंप्याची बायको बोलते, मराठवाडी बोलीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तिला कुणाला काही समजावून द्यायचं नाही. तिचं घर मोडत चाललं आहे आणि ती ते सांगते आहे.

‘कोसला’विषयी लिहिताना मराठी माणसाचा आवाज आपोआप चढतो, एक तर भक्तीनं, नाहीतर वैतागानं. १९६३ मध्ये ती आली तेव्हा नेमाडे पंचविशीचे होते आणि पांडुरंग सांगवीकरही पंचविशीचाच. कॉलेजच्या वयात ती वाचणारा प्रत्येक मुलगा आपणच पांडुरंग आहोत असं मानून बसतो, हे तिचं यश आणि तिच्यावरचं संकटही. पुण्यात बापाच्या पैशावर राहायचं, मेसचं सेक्रेटरीपद, संमेलनं, नापास होणं, सगळ्यावर ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’चा शिडकावा. हे वाचताना त्या वयात फार मजा येते. चाळिशी ओलांडल्यावर वाचलं की पांडुरंगापेक्षा त्याचा बाप जास्त दिसू लागतो. सांगवीसारख्या गावात शेती, घर, पोरी, पैसा हे सगळं ओढणारा, पोरानं काहीतरी व्हावं म्हणून मनीऑर्डरी पाठवणारा कडक माणूस. पांडुरंग त्याला दुष्ट ठरवतो. पांडुरंगाच्याच शब्दांतून तो मला दुष्ट वाटेनासा होतो. नायकाच्या विरुद्ध साक्ष नायकाच्याच तोंडून वदवून घेणं, हे नेमाड्यांनी पंचविशीत केलं याचं मला ‘उदाहरणार्थ’च्या कौतुकापेक्षा जास्त कौतुक वाटतं.

आणि मनी. पांडुरंगाची धाकटी बहीण देवीच्या साथीत जाते. तोवर प्रत्येक गोष्टीची टर उडवणारा हा गडी तिथे कोलमडतो. त्याची भाषाच त्याला पुरत नाही; वाक्यं तुटतात, गोल फिरतात, पुन्हा त्याच जागी येतात. पुढे तो सावरून पुन्हा टवाळी करू लागला तरी ती टवाळी आता पूर्वीसारखी ऐकू येत नाही. मागे जाऊन पहिली पानं वाचली तर तिथलीही बदललेली असतात. पांडुरंगाला मात्र वाटतं की सगळंच सारखं निरर्थक आहे. ते सारखं नाही हे त्याच्या वाक्यांना ठाऊक आहे, त्याला नाही.

‘कोसला’नंतर जे झालं त्याला नेमाडे जबाबदार नाहीत, पण झालं खरं. कंटाळलेला, हुशार, बापावर चिडलेला, शहरात खोली करून राहणारा तरुण मराठी कादंबरीत जो शिरला तो बाहेर पडेना. त्यानं पांडुरंगाचा कंटाळा उचलला, मनी उचलली नाही. नेमाडे स्वतः मात्र तिथे थांबले नाहीत. ‘बिढार’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७) आणि ‘झूल’मध्ये (१९७९) त्यांनी ‘मी’ सोडून नायक चांगदेवला तृतीयपुरुषी केलं. २०१० मध्ये ‘हिंदू’ आली तेव्हा पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव पुन्हा ‘मी’ म्हणत आला, पण हा ‘मी’ हजारो वर्षांचं ओझं घेऊन. ‘हिंदू’ मला अधूनमधून विलक्षण वाटते आणि अधूनमधून व्याख्यानासारखी. जिथे खंडेरावाला घर आठवतं, तिथे ती विलक्षण आहे. जिथे त्याला संस्कृतीचं मर्म सापडतं, तिथे मी पानं जरा भराभर उलटतो.

मुंबईची गोष्ट वेगळी. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’त (१९६५) पोक्या नाक्यावरच्या भाषेत बोलतो, आणि त्या बोलण्यानं केवढे सभ्य लोक खवळले. आचार्य अत्र्यांनी तर या पुस्तकावर आग ओकली. टीका अश्लीलतेवर होती. पण मला वाटतं, खरा त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला. पोक्याला आपल्या वागण्याची लाज वाटत नाही, आणि लाज वाटत नाही हेही त्याला जाणवत नाही. पश्चात्ताप करणारा मवाली मराठी वाचकानं सहज पोटाशी धरला असता. किरण नगरकरांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’मध्ये (१९७४) कुशंकची वाक्यं, प्रसंग, काळ, सगळ्याचेच तुकडे झाले आहेत. ते जुळवून देणारं तिथे कुणी नाही, तोही नाही. ही कादंबरी वाचताना दमायला होतं हे मी मान्य करतो. पण ती दमवते प्रामाणिकपणे. नुसत्या शैलीसाठी दमवणारी पुस्तकं मी अर्ध्यात टाकलेली आहेत.

यावर कुणी म्हणेल, की मराठीत सर्वांत खपलेल्या कादंबऱ्याही ‘मी’च्याच आहेत. खरं आहे. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीनं बोलतात, पुढे खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णासोबत कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि थेट कृष्णही आपापली बाजू सांगतात. इतके ‘मी’ असूनही माझ्या मते या दोन्ही कादंबऱ्यांत खरं तर एकच माणूस बोलतो. देवयानीचा अहंकार देवयानीला दिसतो, ययातीची वासना ययातीला समजते, आणि दोघंही ती एकाच घाटाच्या, एकाच अलंकारांच्या वाक्यांत समजावून देतात. कर्णाला आपल्यावर झालेल्या अन्यायाचं इतकं चोख आकलन आहे, की वाचकाच्या वाट्याला हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ‘मृत्युंजय’ हे वाचनाच्या गोडीचं पहिलं पुस्तक होतं, माझ्याही ओळखीत तसे पुष्कळ आहेत, आणि त्या गोडीला मी नावं ठेवत नाही. एवढंच, की कर्णाची बाजू घेण्यासाठी मला व्यासांनी सोडलेल्या रिकाम्या जागा पुरतात. त्या सगळ्या भरून टाकल्या की कर्ण माझ्या ओळखीचा होतो आणि लहानही होतो.

इथपर्यंत माझं म्हणणं बरं चाललं आहे. पण १९६३ सालीच, ‘कोसला’बरोबर, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला, आणि त्यातला ‘मी’ माझ्या नियमात बसत नाही. नव्या नोकरीच्या गावी डोक्यावर छप्पर हवं म्हणून त्यानं जात लपवली आहे. त्याला आपल्याविषयी सगळं ठाऊक आहे. ठाऊक नाही ते भोवतालच्या लोकांना, आणि त्यांना कळेल त्या दिवशी काय होईल हेही त्याला ठाऊक आहे. म्हणजे इथे न कळण्याची जागा बदलली. पांडुरंग सांगवीकराला अर्धवट कळण्याची चैन परवडते. ज्याला दर पावलाला समोरच्याच्या नजरेचा अंदाज घ्यावा लागतो, त्याला ती कशी परवडेल? स्वतःविषयी अजाण राहायलाही थोडी सुरक्षितता लागते. हे ‘रणांगण’च्या हॅर्टालाही लागू आहे. तिला आपली स्थिती स्वच्छ कळते. न कळण्याचा मान चक्रधरचा.

पुढे दलित लेखकांचा ‘मी’ कादंबरीत फारसा रमला नाही, तो आत्मकथनाकडे वळला. ‘बलुतं’ १९७८, ‘उपरा’ १९८०, ‘अक्करमाशी’ १९८४, बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’, ‘उचल्या’ १९८७. जे घडलं तेच सांगून संपत नव्हतं, मग कल्पना कशाला करायची, असं याचं कारण देतात. ते अर्धंच खरं. ‘बलुतं’ उघडून बघा. दया पवारांनी तिथे स्वतःचे दोन केले आहेत. गावकुसाबाहेरचा दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि लिहिता-वाचता, शहरातला दया पवार ती ऐकतो. ही कादंबरीकाराची युक्ती आहे. दोघांमध्ये जे अंतर पडलं आहे, शिक्षणानं, नोकरीनं, कपड्यांनी, तेच पुस्तकाचा खरा विषय होतं. दगडूला आपल्या आयुष्यातलं जे समजलं नाही ते दयाला समजतं, आणि समजून घेणाऱ्या दयाचं दगडूपासून तुटणं दगडूला दिसतं. त्या काळातल्या किती कादंबऱ्यांनी आपल्या ‘मी’ला असं दुभंगवलं होतं? आत्मकथनांना साहित्याऐवजी दस्तऐवज म्हणून वाचण्याची जी सवय आपल्याला लागली, तिच्यामुळे हे निवेदनाचं काम झाकलं गेलं.

तृतीयपुरुषी कादंबऱ्यांवर मी अन्याय करतो आहे का? थोडा करतो. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ची (१९६०) कौतिक ‘मी’ म्हणत नाही, तरी तिच्याइतकी जवळची बाई मराठी कादंबरीत कमीच आहे. आणि श्री. ना. पेंडश्यांच्या ‘रथचक्र’मध्ये (१९६२) तर नायिकेला नावच नाही. ती म्हणजे ‘ती’. एकत्र कुटुंबात नवरा असून नसल्यासारखा, आणि मुलांना शिकवून वर काढायची तिची धडपड. ‘मी’ म्हणायची संधी जिला घरानं दिली नाही तिला लेखकानंही दिली नाही, आणि ते बरोबर केलं. ‘ती’च्या जागी ‘मी’ असता तर ती आपली कैफियत मांडू लागली असती, आपण तिची कीव केली असती. पेंडसे तिला कीव येऊ देत नाहीत. तिचा हट्ट, तिचा कोतेपणा, मुलांवरची तिची मालकी, हे सगळं तिच्या पाठीमागून आपल्याला दिसत राहतं. तेव्हा माझा मुद्दा सर्वनामाचा नाही. बोलणारा कुणीही असो, पात्राच्या पाठीमागची जागा लेखकानं मोकळी ठेवली आहे का, एवढंच मी बघतो.

ती जागा आज मला बऱ्याचदा भरलेली सापडते. अलीकडच्या पुष्कळ कादंबऱ्यांतला ‘मी’ स्वतःचा समुपदेशक होऊन आलेला असतो. आपण असे का आहोत हे त्याला पहिल्याच प्रकरणात माहीत असतं. लहानपणी काय झालं, बापाचं काय चुकलं, आपल्याला जवळीक का जमत नाही, याचं निदान तयार असतं आणि पुढची दोनशे पानं त्या निदानाची उदाहरणं असतात. शब्द सगळे बरोबर असतात. वाचताना मला मात्र काही काम उरत नाही. याची तुलना ‘शाळा’शी (२००४) करून बघा. नववीतला मुकुंद जोशी आणीबाणीच्या काळात जगतो, पण त्याचं लक्ष शिरोडकर नावाच्या मुलीकडे आहे. देशात काय चाललं आहे ते त्याच्या कानावरून जातं. मोठी माणसं हळू आवाजात बोलतात, तो ऐकतो आणि विसरतो. आणीबाणीवर भाषण न देता आणीबाणी दाखवणारी दुसरी मराठी कादंबरी मला आठवत नाही. कविता महाजनांच्या ‘ब्र’मधली (२००५) प्रफुल्ला आदिवासी भागातल्या महिला सरपंचांत फिरते. ती शिकलेली आहे, संस्थेची भाषा तिला येते, पण ज्या बायांना मदत करायला ती गेली त्या तिच्यापेक्षा अनेक बाबतींत पुढे आहेत. ते कळायला तिला जो वेळ लागतो तोच त्या कादंबरीचा जीव आहे. मनोज बोरगावकरांच्या ‘नदिष्ट’मधला (२०१९) ‘मी’ नांदेडला गोदावरीत पोहायला जातो आणि काठावरच्या माणसांचं ऐकतो. स्वतःविषयी तो फार कमी बोलतो. ऐकणारा ‘मी’ मराठीत दुर्मीळ आहे, म्हणून या छोट्या कादंबरीचं मला अप्रूप वाटलं.

शेवटी एका पुस्तकाबद्दल लिहायलाच हवं, कारण त्याचं नाव घेणारे जितके भेटतात तितके ते वाचलेले भेटत नाहीत. हमीद दलवाईंची ‘इंधन’, १९६५. मुंबईहून प्रकृतीच्या कारणानं बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी आलेला एक मुसलमान माणूस ती सांगतो. तो विचारी आहे, सुधारक आहे, पूर्वी गावात त्यानं काम केलेलं आहे. त्याच्या डोळ्यांसमोर गावातली जुनी नाती नासत जातात आणि गाव पेटतं. त्याला सगळे ओळखतात, तो सगळ्यांना ओळखतो, आणि तरी त्याच्या हातून काहीच होत नाही. आपण अडवू शकलो असतो का, आपण आलो नसतो तर बरं झालं असतं का, याचं उत्तर त्याच्याजवळ नाही. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, याच दलवाईंनी तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांचे लेख वाचावेत, एकही वाक्य डळमळीत नाही. काय हवं, का हवं, कुणाच्या विरोधात हवं, हे सगळं ठाम. एवढा ठाम माणूस कादंबरी लिहायला बसला तेव्हा त्यानं आपल्यासारखाच एक सुधारक घेतला आणि त्याला निरुत्तर ठेवलं. दलवाईंच्या कार्याचा अभ्यास करणारे ‘इंधन’मध्ये त्यांच्या पुढच्या विचारांची बीजं शोधतात. मला तिथे बीजं सापडत नाहीत. जे त्यांच्या एकाही लेखात आलं नाही ते सापडतं.